अकरा गुरुवारांची कबुली

"बाबांवर दुसऱ्या कोणी आळ घेतला असता, तर मी त्याच्याशी भांडले असते," आसावरी म्हणाली. "पण त्यांनी स्वतःच कबूल केलंय. आता मी भांडू कोणाशी?"

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावात एका दातांच्या दवाखान्यावर नीलांबरीचं ऑफिस होतं. खालून अधूनमधून ड्रिलचा आवाज यायचा आणि वर बसलेल्या माणसाला उगाचच आपली दाढ दुखतेय असं वाटायचं. त्या शनिवारी सकाळी मात्र समोरच्या बाईचं दुखणं खरं होतं.

नीलांबरी खासगी तपासाचा परवाना घेण्याआधी चौदा वर्षं एका लॅबमध्ये कॅसिनोची मशीन तपासायची. तिच्या शेजारी प्रसाद बसला होता. मूळचा नागपूरचा. कंपनीने त्याला घरी बसवल्यापासून तो नीलांबरीची गाडी आणि कॉम्प्युटर दोन्ही चालवायचा. डोकं तल्लख होतं. फक्त ते जिकडे जायला हवं त्याच्या नेमक्या उलट दिशेला भरधाव सुटायचं.

"सुरुवातीपासून सांग," नीलांबरी म्हणाली.

"बाबा सहा वर्षं आमच्याकडेच राहतात. आई गेल्यावर मीच घेऊन आले. गेल्या रविवारी टॅक्सच्या कामासाठी त्यांच्या अकाउंटचं स्टेटमेंट काढलं, तर फेब्रुवारीत तेरा हजार आठशे बासष्ट डॉलर गेलेले. एकदम. कोणाला, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. मग कोट ड्राय क्लीनला द्यायला काढला आणि खिशात या दोन वस्तू मिळाल्या."

तिने टेबलावर एक हिरवी, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली प्लॅस्टिकची दोरी ठेवली. एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला रिकामी कडी. शेजारी एक चुरगळलेला कागद ठेवला.

नीलांबरीने कागद सरळ केला. अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोचं नाव. रक्कम त्रेचाळीस सेंट. खाली फिकट शाईत तारीख अकरा जानेवारी, वेळ दुपारी सव्वातीन.

"मी कॅसिनोचं नाव वाचलं आणि माझं डोकंच फिरलं," आसावरी म्हणाली. "ऋषीने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सरळ विचारलं, बाबा तुम्ही जुगार खेळता का? बाबांनी त्या दोन वस्तूंकडे पाहिलं. मग म्हणाले, हो. फेब्रुवारीपासून दर गुरुवारी दुपारी जातो. अकरा गुरुवार झाले. सगळे पैसे हरलो."

"आणि आता?"

"उद्या सकाळी त्यांचं फ्लाइट आहे. माझ्या भावाकडे, नरेंद्रदादाकडे, टेक्सासमध्ये शुगर लँडला, कायमचं. ऋषी म्हणतो, आन्या आठ वर्षांची आहे, तिला शाळेतून आणायचं काम जुगाऱ्याकडे नको. आणि बाबांनी एका शब्दाने वाद घातला नाही." ती खुर्चीत पुढे सरकली. "नीलांबरीताई, माझे बाबा पत्तेसुद्धा चिंचोक्यांवर खेळतात. त्यांना यात ओढलं कोणी, तेवढं मला शोधून द्या."

"गुरुवारी आणखी काही वेगळं दिसायचं?"

"काही नाही. हां, मराठी मंडळाचा तो मोठा थर्मॉस घेऊन जायचे. वीस कप चहाचा. विचारलं तर म्हणायचे, वाटेत लागतो."

प्रसादने टाळी वाजवली. "क्लिअर आहे ना ताई! म्हणजे कोणीतरी बाई आहे."

"वीस कप पिणारी?" नीलांबरीने विचारलं आणि पर्स उचलली.

आसावरीचे बाबा, प्रल्हाद काका, आपल्या खोलीत बॅग भरत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, नाशिकच्या शाळेतले निवृत्त विज्ञानशिक्षक. स्वेटरच्या घड्या अशा घातलेल्या, की फूटपट्टी लावून घ्यावी. नीलांबरीला बघून ते हसले. पकडल्या गेलेल्या माणसाचं ते हसू नव्हतं. पाहुण्यांना चहा विचारायचा राहिला की माणूस हसतो, तसं ते होतं.

"काका, मला जरा शिकवा ना. ते मशीन खेळायचं कसं?"

"त्यात शिकायचंय काय? नाणं टाकायचं, दांडा ओढायचा. तीन चित्रं जुळली की खाली खणखण नाणी पडतात."

"समजा, वीस डॉलर घातले. अकरा उरले आणि उठावंसं वाटलं. मग ते अकरा परत कसे मिळतात?"

"नाणीच पडतात की. कागदी पेल्यात भरायची आणि खिडकीवर नेऊन द्यायची, म्हणजे नोटा मिळतात."

"एकाच मशीनवर बसायचात?"

"हो. बरेच दिवस त्याने कोणाला दिलं नसलं, म्हणजे आता देणारच, नाही का?" काकांनी शिक्षकाच्या सवयीने बोट वर केलं आणि लगेच खाली घेतलं. "पण नाही दिलं."

नीलांबरीने हिरवी दोरी पुढे केली. "आणि ही कशाला लागते?"

काकांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली. "किल्ल्यांना असेल," ते म्हणाले. मग घाईने, "माझीच आहे ती. माझी आहे."

दाराशी येऊन नीलांबरी वळली. "काका, अमेरिकेत पहिल्यांदा कधी आलात?"

"चौऱ्याण्णव साली. माझा धाकटा भाऊ इथे जवळच एडिसनला असायचा. त्यानेच सगळं दाखवलं. लिबर्टीचा पुतळा, नायगारा, तुझं ते अटलांटिक सिटी." एवढं बोलून ते पुन्हा घड्यांकडे वळले.

ऋषी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसला होता. मुंबईचा, मितभाषी, स्वतःच्या रागाचासुद्धा हिशोब ठेवणारा माणूस.

"मला व्हिलन करू नका," तो म्हणाला. "मला बाबा आवडतात. पण सासरे आहेत, त्यांना ओरडता येत नाही, आणि ते तर कधी काही बोलतच नाहीत. सहा वर्षांत या घरात त्यांनी कशालाच नाव ठेवलं नाही. भाजी खारट झाली तरी म्हणतात, छान झालीय. अशा माणसाचं काय चाललंय, मला कळणार कसं?"

"त्यांच्यात बदल कधीपासून वाटला?"

"टेक्सासहून आले तेव्हापासून. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला नरेंद्रदादाकडे गेले, ते जानेवारीच्या तीसला परत आले. मी स्वतः एअरपोर्टवरून पिकअप केलं. त्यानंतर दर गुरुवारी गायब."

"मशीनमध्ये अकरा डॉलर उरले तर परत कसे मिळतात, ऋषी?"

"काय?" तो गोंधळला. "फोनवर येत असतील. मी कधी गेलोच नाही. माझ्या वडिलांनी रमीपायी दोन नोकऱ्या घालवल्या, ताई. मला त्या गोष्टीची चिडच आहे. घरात सगळ्यांना माहितीये."

तिसरे भेटले त्र्यंबक काका. दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, प्रल्हाद काकांचे रोजचे फिरण्याचे सोबती आणि मंगळवारच्या सीनियर बसने अटलांटिक सिटीला जाणारे. प्रसादने गाडीतच त्यांना आरोपी ठरवून टाकलं होतं.

"मी नेलं? त्याला?" त्र्यंबक काका उखडलेच. "अरे, तीन वर्षं बोलावतोय! म्हणतो, तुझ्या त्या दिव्यांनी माझे डोळे दुखतील. आणि आता परस्पर तेरा हजार उडवले म्हणे. मला विचारलं असतं तर चार गोष्टी सांगितल्या नसत्या?"

"काय सांगितलं असतं?"

"चाळीस डॉलर खिशात. कार्ड घरी. घड्याळात दोन तासांचा गजर. चाळीस गेले ते करमणुकीचे. जिंकलो तर ते दुसऱ्या खिशात, पुन्हा मशीनला दाखवायचे नाहीत. हरलेले परत मिळवायला बसला, तो मेला. चाळीस संपले की बोर्डवॉकवर समुद्र बघायचा. तो फुकट आहे आणि दर वेळी जिंकवतो."

"आणि बरेच दिवस न दिलेलं मशीन आता देणारच, असं असतं का?"

"छे! मशीनला काय आठवण असते?"

"बरोबर," नीलांबरी म्हणाली. "आत एक प्रोग्रॅम सेकंदाला शेकडो आकडे काढत असतो. बोट टेकतं त्या क्षणाचा आकडा पकडला, निकाल लागला. चाकं फिरतात ती नुसती शोभेला. मागच्या क्षणी काय झालं, त्याच्याशी पुढच्याचा संबंध नाही. आणि शंभरातले नव्वद परत देतं म्हणतात, ते लाखो वेळा दाबल्यावरचं. एका माणसाच्या एका दुपारचं नाही."

त्र्यंबक काकांना अकरा डॉलरचा प्रश्न विचारायची गरजच पडली नाही. हिरवी दोरी दिसताच त्यांनी सवयीने तिचा चिमटा आपल्या शर्टाच्या काजाला लावला. "ही कुठे मिळाली? याला आपलं मेंबर कार्ड अडकवतात. दुसरं टोक अंगाला. म्हणजे उठताना कार्ड मशीनमध्ये राहत नाही." मग उसासा टाकून म्हणाले, "आणि जे कधीच उठत नाहीत, त्यांना ती मशीनला बांधून ठेवते."

शेवटी उरला अनीश. ऋषीचा आतेभाऊ, साताऱ्याचा, विद्यापीठात मास्टर्सच्या शेवटच्या सेमिस्टरला. ऋषीच्या बेसमेंटमध्ये राहायचा. घरातली भानगड त्याच्या कानावर जाऊ द्यायची नाही, असं आसावरीने बजावलं होतं. नातेवाइकांत बोभाटा झाला असता. काका मुलाकडे हवापालट करायला चाललेत, एवढंच त्याला माहीत होतं.

तो धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. नीलांबरीने आपली ओळख जुन्या धंद्याची करून दिली. मी मशीन तपासायचे, लोकांना त्यातलं किती कळतं ते विचारत फिरते. पुढे अकरा डॉलरचा प्रश्न.

"तिकीट छापून येतं," अनीश म्हणाला. "ते किऑस्कला, म्हणजे नोटा देणाऱ्या यंत्राला, घालायचं. थोडेच सेंट असले तर लोक कॅश करत नाहीत, खिशात कोंबतात." घडी घालणारे हात थांबले. "म्हणजे, वाचलंय कुठेतरी. मी कधी गेलो नाही."

"कसा चाललाय अभ्यास?"

"चांगला. फी भरायला जरा लेट झाला होता. फेब्रुवारीत भरली. मेमध्ये डिग्री."

नीलांबरीने पर्समधून हिरवी दोरी काढली. "तुझ्या किल्ल्यांना हवी का रे? माझ्याकडे पडून आहे."

अनीश एक पाऊल मागे सरकला. "नको, नको. काकांकडेच राहू दे ती."

वर येताना प्रसाद कुजबुजला, "ताई, माझं झालं. ऋषीने पैसे घेतले आणि सासऱ्याला पुढे केलं. सिंपल."

"प्रसाद, तुझा एक उपयोग आहे," नीलांबरी म्हणाली. "तू जिकडे बोट दाखवतोस, तिकडे मला बघावंच लागत नाही."

संध्याकाळी पाच वाजता सगळे हॉलमध्ये जमले. आन्या शेजारी खेळायला गेली होती. कोपऱ्यात काकांच्या दोन बॅगा उभ्या होत्या आणि सगळेजण त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. नीलांबरीने अनीशलाही वर बोलावलं, तेव्हा आसावरीने तिच्याकडे रागाने पाहिलं.

"आसावरी, तू विचारलंस बाबांना यात कोणी ओढलं," नीलांबरीने सुरुवात केली. "उत्तर आहे, कोणी नाही. काकांनी या वर्षात एकदाही मशीनला हात लावलेला नाही."

"काय बोलताय?" अनीशच्या तोंडून निघालं. "काका? मशीन?"

"काकांनी कबूल केलंय, अनीश. तेरा हजार डॉलर जुगारात हरलो म्हणून. टेक्सासला हवापालट करायला नाही, त्यासाठी चाललेत ते."

अनीशने वळून कोपऱ्यातल्या बॅगांकडे पाहिलं.

"नीलांबरी, पुरे," प्रल्हाद काका म्हणाले.

"काका, वर्गात मधे बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलं असेल." ती थांबली नाही. "काकांनी मला नाणी, दांडा आणि कागदी पेला सांगितला. ते सगळं चौऱ्याण्णव साली खरं होतं, भावाने दाखवायला नेलं तेव्हाचं. आज मशीन नोट गिळतं आणि उरलेल्या पैशांचं तिकीट छापतं. अकरा गुरुवार बसलेल्या माणसाला हे माहीत नाही? त्याच्याच खिशातली दोरी कशाला लागते, तेही माहीत नाही?"

"पण तिकीट बाबांच्याच खिशात होतं," ऋषी म्हणाला.

"तारीख वाच." तिने कागद त्याच्या हातात दिला.

ऋषीने तो खिडकीपाशी नेला. "अकरा जानेवारी." तो हळूच म्हणाला, "बाबा तीसला आले. मीच तर आणलं."

"म्हणजे तिकीट दुसऱ्याचं. आता रक्कम बघा. तेरा हजार आठशे बासष्ट. जुगाराला माणूस वीस काढतो, शंभर काढतो, पुन्हा शंभर काढतो. हरण्याला चढत्या पायऱ्या असतात. बासष्ट डॉलरसकट एका फटक्यात जाते ती रक्कम कोणीतरी छापून दिलेली असते. बिलाची. राहिला थर्मॉस. कॅसिनोत वीस कप चहा घेऊन कोण जातं? चहा नेतात जिथे वीस माणसं गोल बसतात आणि कोणाला घरी जायची घाई नसते."

आसावरीने वडिलांकडे पाहिलं.

"काका खेळले नाहीत, एवढं सिद्ध करायला मला बोलावलं होतं," नीलांबरी म्हणाली. "ते झालं. पुढचं माझ्या मालकीचं नाही. ज्याचं आहे त्याने ठरवावं."

ती खरोखरच खाली बसली. प्रसादने तोंड उघडलं, पण तिने त्याच्या पायावर पाय दिला.

"माझं आहे," अनीश म्हणाला. तो उभा राहिला होता. "तिकीट माझं. दोरी माझी. फी माझी. सगळं माझं, दादा."

ऋषीने हातातलं तिकीट खाली ठेवलं.

"सप्टेंबरमध्ये मित्रांबरोबर गेलो. पहिल्याच दिवशी सातशे जिंकलो. मग एकटा जायला लागलो. शेवटचं चित्र जरासं खाली थांबायचं, वाटायचं, यार, एवढ्यात लागलंच होतं. ऐंशी सेंट लावले आणि तीस आले तरी मशीन बँड वाजवायचं, आणि मी खूश. पन्नास गेलेत हे दिसायचंच नाही. जानेवारीत आईने पाठवलेली फी संपली. मी जिन्यावर बसलो होतो. कोणाला फोन करू, कळत नव्हतं. करायचाच नाही, असंही वाटत होतं. काका टेक्सासहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. ते माझ्या शेजारी पायरीवर बसले. काही विचारलं नाही. म्हणाले, आधी जेव."

त्याने डोळे पुसले नाहीत.

"जेवण झाल्यावर मी खिसे रिकामे केले. कार्ड कापलं, बाकीचं त्यांनी ठेवून घेतलं. त्यांनी फी सरळ कॉलेजला भरली, माझ्या हातात नाही दिली. मला घेऊन जाऊन कॅसिनोच्या बंदीच्या यादीत माझं नाव घालायला लावलं. आणि दर गुरुवारी लायब्ररीच्या तळघरात मीटिंग असते, जुगार सोडणाऱ्यांची. मी एकटा गेलो नसतो. काका माझ्याबरोबर बसले. अकरा वेळा. इंग्लिशमध्ये लोक रडतात आणि काका त्यांना चहा देतात. पंच्याऐंशी दिवस झाले, मी हात लावलेला नाही." तो काकांकडे वळला. "फी भरली म्हणून नाही, काका. तुम्ही शेजारी बसलात म्हणून मी आज आहे. पण माझ्यासाठी हे घर सोडून चालला होतात? मला का नाही सांगितलंत?"

"परीक्षा आहे तुझी पुढच्या महिन्यात," काका म्हणाले.

"ताई, तुम्हाला याच्यावर संशय आला कधी?" प्रसादला राहवेना.

"कधी गेलो नाही म्हणणाऱ्या मुलाला सेंटची तिकिटं खिशात कोंबतात हे माहीत होतं. आणि मी म्हटलं, दोरी माझ्याकडे पडून आहे. तो म्हणाला, काकांकडेच राहू दे. मी काकांचं नावही घेतलं नव्हतं."

आसावरी वडिलांच्या पायाशी जमिनीवर बसली होती. "बाबा, मला सांगायचं ना. मला तरी."

प्रल्हाद काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"कसं सांगू? आमच्या वडिलांनी लेकीच्या घरी पाणीसुद्धा घेतलं नाही कधी. मी सहा वर्षं इथे जेवतोय. आणि अनीश ऋषीच्या आत्याचा मुलगा. त्याच्याच छपराखाली राहून त्याच्याच माणसाकडे बोट दाखवू? तेही ज्याला जुगाराची इतकी चीड आहे त्याच्यापुढे? त्याने मुलाला सातारला धाडलं असतं. मला काय, नरेंद्रही माझाच. मी कुठेही राहीन."

"आन्याशिवाय?" आसावरीने विचारलं.

काकांनी स्वेटरची बाही सरळ केली.

ऋषी उठला. आधी तो अनीशसमोर गेला. सगळ्यांना वाटलं, आता आवाज चढणार. "माझ्या रागाच्या भीतीने तू बोलला नाहीस," तो म्हणाला. "माझंच चुकलं. मी वडिलांवरचा राग सगळ्या घरावर काढत बसलो. गुरुवारी मीही येतो. मला बसू देतील ना?" अनीशने मान हलवली. मग ऋषीने फोन काढला आणि शुगर लँडला लावला. "नरेंद्रदादा, बाबा येत नाहीयेत. कॅन्सल केलं. नाही, तब्येत उत्तम आहे. चूक माझी होती. सविस्तर मग सांगतो."

फोन ठेवून तो सासऱ्यांच्या समोर गुडघ्यांवर बसला. हे त्याला जमत नव्हतं, ते दिसत होतं.

"बाबा, मी तुम्हाला माझ्या मुलीपासून लांब ठेवणार होतो. आणि तुम्ही माझ्या भावाला सांभाळत होतात. याचे आभार कसे मानतात, मला माहीत नाही. पण हे घर तुमचं आहे. यापुढे इथे काही खटकलं, माझ्या माणसांचं, माझं स्वतःचं, तर मला तोंडावर सांगायचं. लपवायचं नाही. प्रॉमिस करा."

काका त्याला हाताला धरून उठवायला लागले.

"बाबा, प्लीज."

प्रल्हाद काकांनी घसा साफ केला. एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा जावयाकडे.

"मग सांगू का एक?"

"सांगा ना."

"आन्याचं गणित चुकलं की तू फार ओरडतोस. पोरगी घाबरून आणखी चुकते. उद्यापासून गणित मी घेणार."

ऋषीने खाली मान घातली. त्याला हसू येत होतं की रडू, ते त्याचं त्यालाच कळेना.

"घ्या, बाबा," तो म्हणाला.

"आणि कालची भाजी खारट होती," काका म्हणाले.